उसनी वर्दळ

त्या गुरुवारी आमच्या फौंड्रीत जे ओतलं गेलं, ते जगात कुणालाही नको होतं. पंपाची जुनी झाकणं. ज्या गिऱ्हाइकासाठी ती आम्ही कधीकाळी करायचो, त्याने धंदा गुंडाळून बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्याचे लाकडी पॅटर्न माळ्यावर पडून होते, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. ते खाली काढले, पुसले, वाळूत साचे पाडले, भट्टी पेटवली आणि लोखंडाचा रस ओतला. संध्याकाळी तीच झाकणं घणांनी फोडली आणि तुकडे परत भट्टीशेजारी नेऊन टाकले. हे सगळं पुण्याहून आलेल्या एका माणसाने तासभर बघावं म्हणून. ते आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते.

आमची फौंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत. वडलांनी घातलेली. मोठी नाही, एक भट्टी, एक शेड, चौदा कामगार आणि त्यांच्यावर एक मिस्त्री. पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला ट्रॅक्टरचे बिडाचे भाग ओतून द्यायचे, हे आमचं मुख्य काम. महिन्याच्या सुरुवातीला कंपनीकडून कागद यायचा, अमुक इतके नग पाठवा. त्याला शेड्यूल म्हणायचं. घरातल्या पंचांगापेक्षा आम्ही त्या कागदावर जास्त चालायचो. कुणाचं लग्न धरायचं, कुणी गावाला जायचं, भट्टीचं अस्तर कधी बदलायचं, सगळं त्यावर.

मग ते शेड्यूल आक्रसायला लागलं. आधी थोडं, मग निम्मं, मग एका महिन्यात कागद आलाच नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, सध्या करेक्शन चालू आहे." पुढच्या महिन्यात तिनेच सांगितलं की आता ॲडजस्टमेंट चालू आहे. माल खपत नाही, डीलरच्या दारात ट्रॅक्टर गंजत उभे आहेत, एवढं सरळ मराठीत सांगायला या लोकांची जीभ का अडखळते, मला कळलेलं नाही. कुणीही मंदीला मंदी म्हणत नव्हतं. टीव्हीवर तर सगळं उत्तम चाललं होतं. आमच्या संघटनेने एक व्याख्यान ठेवलं, त्यात कुठल्याशा पाहुण्याला फेटा बांधला, शाल घातली आणि तो तासभर सांगत राहिला की मंदीकडे संधी म्हणून बघा. ज्याने आयुष्यात कधी भट्टीसमोर घाम गाळला नाही, तो बंद भट्ट्यांच्या मालकांना हसायला शिकवत होता. आणि आम्ही दोनशे जण टाळ्या वाजवत होतो. मीही वाजवल्या. नंतर जेवणाच्या रांगेत उभं राहून श्रीखंडही खाल्लं.

भट्टी आठवड्यातून दोनच दिवस चालायला लागली. बाकीचे दिवस कामगार यायचे, हजेरी लावायचे आणि काहीतरी करत राहायचे. शेडच्या मागचं गवत काढून झालं. वाळू चाळून झाली, चाळलेली परत चाळून झाली. एकाने सगळ्या फावड्यांचे दांडे काचेने घासून गुळगुळीत केले. धडधाकट, हातात कसब असलेली माणसं रिकामी बसली की हळूहळू एकमेकांच्या नजरेला नजर देत नाहीत, हे मी तेव्हा पाहिलं. चहा यायचा तेव्हा पूर्वी गोंगाट असायचा. आता प्रत्येकजण कप घेऊन वेगळ्या कोपऱ्यात जायचा.

मिस्त्री वडलांच्या वेळचे. जोतिबाच्या पायथ्याच्या गावातून रोज मोटरसायकलवर यायचे. मी शाळेत होतो तेव्हापासून मला बघत आलेले, त्यामुळे माझे केस पांढरे झाले तरी मी त्यांच्या तोंडी 'धाकलं मालक'च. साच्याची वाळू मुठीत दाबून ते सांगायचे पाणी जास्त झालंय की कमी, आणि यंत्र नंतर तेच सांगायचं. चौदापैकी नऊ पोरं त्यांनीच आणलेली, त्यांच्या गावची किंवा आसपासची. त्या पावसाळ्यात एक दिवस ते माझ्या केबिनमध्ये आले, बसले नाहीत, आणि विचारलं, "मालक, माणसं कमी करायची हाईत काय? हाईत तर आधी मला सांगा. म्या आनल्याती त्यास्नी, म्याच सांगतो."

मी म्हणालो, "एकालाही कमी करणार नाही. शब्द देतो."

शब्द कशाच्या जोरावर दिला, कुणास ठाऊक. बहुतेक त्या क्षणी मला वडील आठवले असतील, किंवा फक्त ती केबिन लवकर रिकामी व्हावी असं वाटलं असेल. पण दिला. आता त्या कंपनीचं काम वाढलं तरच तो खरा होणार होता. काम वाढलं नाही तर दिवाळीआधी त्या चौदांना आणि मिस्त्रींना मला घरी बसवावं लागणार होतं. बाकी सगळं बोलणं त्याच्या आजूबाजूचं.

अशात एका सोमवारी कंपनीतून फोन आला की खरेदी विभागाचे साहेब गुरुवारी येताहेत. कशासाठी? "सहज. जरा बघून जातील." सहज कुणी अडीचशे किलोमीटर येत नाही. एमआयडीसीत आधीच कुजबुज होती की कंपनी पुरवठादार कमी करणार आहे. आमच्याकडे सगळ्यांचं एक ठाम मत आहे, की असे साहेब येतात ते मुलगी बघायला आल्यासारखे. घर भरलेलं दिसलं पाहिजे. रिकामी भट्टी दिसली की हा गडी आता बुडणार असं ते धरतात आणि नाव खोडतात. हे मत कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं. पण कोल्हापूरच्या माणसाला घरी पावणा येणार म्हटलं की तपासायचं काही सुचतच नाही, आधी रुबाब सुचतो. घरात दाणा नसला तरी दारात गाडी धुतलेली पाहिजे.

मिस्त्रींना मी बोलावून सांगितलं, की गुरुवारी शेड भरलेली दिसायला हवी.

ते म्हणाले, "खरं सांगूया की मालक. काम न्हाय म्हनून सांगायला लाज कसली? भट्टी हाय, माणसं हाईत, हात रिकामं हाईत. काम द्या म्हनूया. त्यो द्याया बसलाय तर आपण मागाया नगो?"

"मिस्त्री," मी म्हणालो, "ही मोठ्या कंपनीची माणसं आहेत. तुम्हाला त्यातलं कळत नाही. विचारलं तर काम भरपूर आहे असंच सांगायचं. सगळ्यांना तसं सांगून ठेवा."

"बरं," ते म्हणाले आणि गेले. मला त्यांचा राग आला होता. का, ते तेव्हा कळलं नाही.

आमच्याकडे शेतीत पैरा नावाची पद्धत आहे. आज तुझी माणसं माझ्या शेतात, उद्या माझी तुझ्या. हिशेब नाही, मजुरी नाही, फक्त परतफेड. एमआयडीसीतले आम्ही बहुतेक शेतकऱ्यांचीच पोरं, त्यामुळे ती पद्धत फौंड्रीतही आली. एखाद्याकडे अचानक मोठा माल निघाला, की शेजाऱ्याचे चार मोल्डर, म्हणजे साचे पाडणारे कारागीर, दोन दिवस तिकडे जायचे. नंतर तो पाठवायचा. चांगली पद्धत होती. कामासाठी होती. मी तिचा वापर नाटकासाठी केला.

रस्त्याच्या पलीकडे समोरच एक फौंड्री आहे. तिचा मालक माझ्याच वयाचा, मोकळा, मोठ्या आवाजात बोलणारा माणूस. त्याची भट्टी तर तीन आठवडे पेटलीच नव्हती. मी त्याच्याकडे गेलो आणि गुरुवारपुरते बारा जण मागितले.

"बारा? हाईत तेवडी समदी न्हे की!" तो हसला. "इथं बसून माशाच मारायल्यात. पैरा हाय अण्णा, कवातरी फेडशील."

मंगळवारी चुना लावायला माणूस लावला. हवेत ओल होती, चुना वाळेना. भिंतीला हात लागला की पांढरा व्हायचा. ज्या मशीनवर सहा महिने कुणी बसलं नव्हतं त्यावर हिरवा रंग मारला. फाटक शेवटच्या दिवशी आठवलं, म्हणून गुरुवारी सकाळी ते रंगवलं. त्यामुळे साहेबांची गाडी आत घेता येईना, ती समोरच्या शेजाऱ्याच्या दाराशी उभी करायला लावली. हे मी स्वतः, हात दाखवून, मागे-पुढे करत ड्रायव्हरला सांगितलं.

साहेब उतरले. गोरेपान, इस्त्रीचा शर्ट, बूट असे की वाळूत पाय ठेवायच्या आधी ते दोनदा खाली बघायचे. नाकाला रुमाल लावला तो शेडमध्ये असेपर्यंत काढला नाही. आत मात्र काय दृश्य होतं! सव्वीस माणसं एकमेकांच्या पायात येत होती. जिथे दोघांचं काम तिथे पाच जण उभे. एक साचा दाबला जात होता तोवर तिघे त्याला हात लावून होते. समोरच्या फौंड्रीतला एक मोल्डर तर पाटीभर वाळू घेऊन नुसता शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता. त्याला कुणी कुठे टाकायची ते सांगितलंच नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष साहेबांच्या भुवयांकडे होतं.

भट्टीतून रस ओतताना ठिणग्या उडाल्या, तेव्हा साहेब मागे सरकले आणि त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. मला बरं वाटलं. मग ते मिस्त्रींकडे वळले.

"काय काका, काम कसं काय?"

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "भरपूर हाय सायेब. तीन पाळ्या चालत्यात."

"अरे वा. मग एखादा नवीन जॉब दिला तर घ्याल का? मोठा आहे जरा."

हे वाक्य मी ऐकलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. आणि मला ते कळलंसुद्धा, लगेच कळलं. तोंड उघडायला एक क्षण होता.

मिस्त्री म्हणाले, "जागाच कुटाय सायेब? हाय त्येच उरकंना झालंय."

आणि मी हसलो. मालकाने हसावं तसा, पोट हलवून. मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आमचे मिस्त्री असेच आहेत साहेब, नव्या कामाचं नाव काढलं की आधी माझ्यावरच ओरडतात." साहेबही हसले. मला वाटलं, नंतर जेवताना शांतपणे विषय काढू. आत्ता रंग जमलाय, तो बिघडवायला नको.

जेवण हा वेगळाच प्रकार. पावणा कोल्हापुरात आला आणि तांबडा-पांढरा रस्सा न खाता गेला, तर एमआयडीसीत तोंड दाखवायला जागा नाही. आमचं घर जैन. घरात अंडंही येत नाही. त्यात पर्युषण चालू, बायकोचे उपास. वडलांनी चाळीस वर्षांत फौंड्रीच्या आवारात मटण शिजू दिलं नव्हतं; कामगारांना जत्रेचं जेवण द्यायचं झालं तर ते हॉटेलात न्यायचे आणि स्वतः बाहेर बाकावर बसून राहायचे. मी पॅटर्नच्या खोलीमागे चूल मांडायला लावली. सकाळी घरातून निघताना बायकोने विचारलं, "आज जेवायला येणार?" मी म्हणालो, "नाही, पाहुणे आहेत." तिने डबा उचलून ठेवला. तिला माहीत होतं.

मी स्वतः वाढलं. पातेल्यात पळी घातली की वर तेलाचा लाल थर यायचा, तो बाजूला करून पळी भरायची. वाफ तोंडावर यायची. मी तोंडाने श्वास घेत होतो. साहेबांनी बाह्या वर केल्या, रुमाल अखेर खिशात ठेवला आणि जे खायला सुरुवात केली! नळी तोंडात धरून ते असं ओढायचे की शेजारच्या खोलीत ऐकू जावं. बोटं चाटायचे. "घ्या ना साहेब, अजून घ्या ना," असं मी म्हणत होतो, आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. कामाचा विषय काढायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, "जेवताना धंदा नको हो." बाहेर सव्वीस माणसं उरलेल्या रश्श्याची वाट बघत उभी होती.

हात धुताना साहेब म्हणाले, "छान चाललंय तुमचं. समाधान वाटलं. बाकीच्यांची अवस्था बघवत नाही." त्यांनी दात कोरले, काडी माझ्या नव्या चुन्याच्या भिंतीशी टाकली. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला निघालो, तेवढ्यात आत लोखंडाचा थोडा रस सांडला म्हणून ओरडा झाला, म्हणून नमस्कार करून मी आत पळालो. कुणाला काही लागलं नव्हतं. मी परत येईपर्यंत गाडी तिथेच होती, पण साहेब दिसले नाहीत. फोनवर असतील असं समजून मी आत गेलो.

संध्याकाळी झाकणं फोडायला सुरुवात झाली. चांगली ओतली गेली होती, एकही खोट नाही. मिस्त्रींचा हात होता ना. समोरचे बारा जण जेवून केव्हाच गेले होते. आमची पोरं घण मारत होती, आणि एरवी घण मारताना जो हुंकार असतो तो नव्हता. मिस्त्रींनी एक झाकण उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि स्वतःच फोडायच्या ढिगावर ठेवलं. घरी गेल्यावर बायकोने माझे कपडे काठीने उचलून वेगळ्या बादलीत टाकले. मी अंघोळ दोनदा केली. तरी बोटांना वास येत राहिला.

आठ दिवसांनी समोरचा मालक पेढे घेऊन आला. एरवी फाटकातून हाका मारत येणारा माणूस, केबिनच्या दारात उभा राहून चप्पल काढायची का ठेवायची असा घोळ घालत होता.

"अण्णा," तो म्हणाला, "मला काम मिळालं. तुज्याच कंपनीचं." आणि खाली बघून त्याने सगळं सांगितलं.

पुण्याकडची एक फौंड्री या मंदीत बंद पडली होती. तिच्याकडचा मोठा जॉब कंपनीला घाईने दुसरीकडे हलवायचा होता. त्यासाठी साहेब रिकामी भट्टी आणि रिकामे हात शोधत फिरत होते. आधी कुणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की सगळेच हात वर करतात. आमच्याकडे जेवून ते गाडीपाशी गेले, तर समोरचं फाटक उघडं. आत शुकशुकाट. त्याची माणसं आमच्या शेडमध्ये होती! हा बनियनवर, साच्याच्या पेटीवर पाय टाकून पेपर वाचत बसलेला. साहेबांनी विचारलं, बंद आहे का?

"म्या काय बोललो न्हाय अण्णा, आईशप्पत. भट्टी रिकामी हाय म्हनून सांगिटलं. हाय ती गोष्ट. तुज्यावर काय कुरघोडी क्येली न्हाय म्या."

त्याने खरं सांगितलं होतं. एवढंच. मी त्याचा पेढा खाल्ला. मटणाच्या वासापेक्षा तो गिळायला जड गेला.

साहेबांना फोन लावला. ते अगदी आनंदात होते. "अहो, मी वर तुमचं कौतुक करून रिपोर्ट दिला. इतक्या मंदीत, आमचं काम नसताना तीन पाळ्या! तुम्हाला आमच्या कामाची काय गरज? तुमच्या मिस्त्रींनीच सांगितलं ना, जागा नाही म्हणून." मी म्हणालो की करू आम्ही, काढू जागा. ते म्हणाले, "आता झालं हो. तुमचं जुनं शेड्यूल आहेच की, जेवढं असेल तेवढं." आणि मग, "रस्सा मात्र फारच छान होता."

मला त्यांचा संताप आला. पण त्या संतापाखाली बघितलं की तिथे मीच बसलेलो असतो, पळी हातात धरून.

पुढचं पटापट झालं. समोर काम सुरू झालं, त्याला माणसं कमी पडायला लागली. तो आला आणि लाजत म्हणाला, पैरा फेडशील का. नाही म्हणायला तोंड नव्हतं. सहा जण गेले. परतफेडीचे दोन दिवस संपले, ते तिकडेच राहिले. मी बोलावलं नाही, बोलावून काय करायला लावणार होतो? वाळू चाळायला? दिवाळीच्या तोंडावर मी उरलेल्यांना एकत्र केलं आणि सांगितलं की भट्टी आता आठवड्यातून एकच दिवस चालेल, तेवढ्याला चार माणसं पुरतात. एका पोराने फक्त विचारलं, की हजेरीच्या वहीत नाव राहील का. दोघे समोर गेले, एक जण कागलला कुठे लागला, एक बिद्रीच्या बाजूला साखर कारखान्यावर हंगामापुरता. माझा शब्द असा संपला.

मिस्त्री शेवटी आले. समोरच्या मालकाने त्यांना दोनदा निरोप पाठवला होता. त्याला तसा मिस्त्री हवाच होता, नव्या जॉबला साचे धड पडत नव्हते. मला वाटलं ते सांगायला आलेत. मी मनातून तयार होतो. म्हणणार होतो, जा, नक्की जा.

ते या वेळी खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"धाकलं मालक," ते म्हणाले, "माजंच तोंड फाटकं. त्यो नवा जॉब द्याया निगाल्ता, आन् म्या जागा न्हाय म्हनून बसलो. पोरांचं काम म्या घालवलं. गावात त्यांच्या आईबापास्नी काय तोंड दावू?"

मी टेबलावरची हजेरीची वही मिटली.

"समोरचं बलावत्यात. पन जाऊ कसा? ज्यो जॉब माज्या तोंडानं पोरांच्या हातातनं गेला, त्याच्यावरच जाऊन मी मिस्त्री म्हनून हुबा ऱ्हाऊ? न्हाय जमायचं. म्या आता घरीच बसनार. तेवडं तुमी मनात काय ठिऊ नका."

एक वाक्य पुरलं असतं. मिस्त्री, ते मी सांगायला लावलं होतं. तुम्ही तर खरं सांगू म्हणत होता. मी शेजारी उभा होतो, मला कळलं होतं, आणि मी हसलो. एवढं म्हणालो असतो तर तो माणूस उठला असता, रस्ता ओलांडला असता आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या वाळूत हात घातला असता. हात आहेत त्यांचे अजून तसेच. गावातून माणसं सांगतात, दारात बसलेले असतात.

मी म्हणालो, "जाऊ द्या मिस्त्री. होतं माणसाच्या हातून. मी काही मनात ठेवलेलं नाही."

त्यांचे डोळे भरले. उठून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "लई मोठं मन हाय तुमचं, वडलांवानी."

आणि मी मान हलवली.